यूर-लेक्स, काही महिने वापरल्यानंतर: युरोपचं परराष्ट्र धोरण कायद्याच्या मजकुरातून वाचताना

युरोपीय संघाचं परराष्ट्र धोरण शिकायचं म्हटलं की बहुतेक जण भाषणांपासून किंवा शिखर परिषदेच्या बातम्यांपासून सुरुवात करतात. माझा सल्ला वेगळा आहे. यूर-लेक्स हे संघाच्या कायद्यांचं अधिकृत संकेतस्थळ मी गेले बरेच महिने जवळपास रोज उघडतेय आणि हे धोरण ठरतं कसं, ते मला सगळ्यात नीट तिथेच कळलं. सगळं मोफत आहे, वाचायला नोंदणी लागत नाही, मजकूर संघाच्या 24 अधिकृत भाषांत असतो. आंतरराष्ट्रीय संबंध शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते हाताळावं असं मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

कोणताही निर्णय उघडा. शीर्षकाखालच्या पहिल्या दोन-चार ओळींत तो कुठल्या कराराच्या कुठल्या कलमाखाली घेतला ते दिलेलं असतं. विद्यार्थी या ओळी ओलांडून पुढे जातात, पण निम्मं राजकारण तिथेच असतं. युरोपीय संघाच्या कराराचं कलम 29 दिसलं की समजायचं, इथे एकमत लागलं, म्हणजे 27 पैकी कुणीही एक देश हे अडवू शकत होता. संघाच्या कामकाजाविषयीच्या कराराचं कलम 215 दिसलं तर विशेष बहुमत, म्हणजे ठरावीक प्रमाणात देशांचा आणि लोकसंख्येचा पाठिंबा, पुरेसं होतं. रशियावरचे आर्थिक निर्बंध या दोन्हींच्या जोडीने चालतात. 2014/512 हा निर्णय पहिल्या प्रकारचा आणि 833/2014 ही नियमावली दुसऱ्या प्रकारची, दोन्ही 31 जुलै 2014 च्या. नियमावलीला मुदत नाही. निर्णयाला मात्र आहे, आणि ती दर सहा महिन्यांनी, 31 जानेवारी आणि 31 जुलैच्या आत, एकमताने वाढवावी लागते. एक कोटीपेक्षा कमी लोकसंख्येच्या हंगेरीचं इतकं वजन का, ते या दोन तारखांवरून उलगडतं. जानेवारी 2025 ची मुदतवाढ अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत लटकली होती. ऊर्जापुरवठ्याबद्दल आश्वासन मिळालं, तेव्हा हंगेरीने होकार दिला.

याच ओळी वाचायची सवय होती म्हणून डिसेंबर 2025 मधल्या एका निर्णयाचं मोल लगेच लक्षात आलं. रशियाच्या मध्यवर्ती बँकेची युरोपात अडकवून ठेवलेली मालमत्ता तोवर या सहामाही मुदतवाढीवर अवलंबून होती. संघाने ती कामकाजाविषयीच्या कराराच्या कलम 122 खाली घेतली. हे कलम आर्थिक आणीबाणीसाठी आहे आणि त्याला विशेष बहुमत चालतं. हंगेरी आणि स्लोव्हाकियाचा विरोध असूनही निर्णय झाला. कराराचा एक शब्द न बदलता नकाराधिकार बाजूला सारला गेला. हे योग्य झालं का यावर युरोपातच मोठा वाद आहे, आणि मला वाटतं तो व्हायलाच हवा. निवडलेलं कलम राजकीय असतं, हे विद्यार्थ्यांना समजावायला यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

मी सगळ्यात जास्त वापरते ते एकत्रित मजकूर. मूळ नियमावलीत आजवर झालेल्या सगळ्या दुरुस्त्या मिसळून तयार केलेला तो एकसंध मजकूर असतो. त्याच्या प्रत्येक टप्प्याची तारीखवार यादी मिळते आणि हवी ती तारीख निवडून त्या दिवशीचा कायदा वाचता येतो. सातबाऱ्यावरचे फेरफार वाचून जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते कळतं, तसं इथे कुठल्या वर्षी कुणाला काय मिळालं ते कळतं. 833/2014 ही 2014 साली मोजक्या कलमांची होती. फेब्रुवारी 2022 नंतर निर्बंधांची एकामागून एक पॅकेजं आली आणि कलमांना अक्षरांची शेपटं जोडत ती फुगत गेली. त्यातलं 3एम हे कलम जरूर वाचा. जून 2022 च्या सहाव्या पॅकेजमध्ये समुद्रमार्गे येणाऱ्या रशियन कच्च्या तेलावर बंदी आली, पण पाइपलाइनने येणाऱ्या तेलाला सूट राहिली, परिषद, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांचं मंडळ, वेगळं ठरवेपर्यंत. त्या सूटीमागे रशियाहून तेल आणणाऱ्या द्रुझ्बा पाइपलाइनवर अवलंबून असलेले, समुद्रकिनारा नसलेले देश होते, आणि हंगेरी त्यांत सगळ्यात हट्टी.

(एकत्रित मजकूर केवळ माहितीसाठी असतो, त्याला कायद्याचं बळ नसतं. लेखात संदर्भ द्यायचा असेल तर राजपत्रातली मूळ दुरुस्तीच द्यावी.)

निर्बंधांच्या याद्यांची परिशिष्टंही अशीच बोलकी आहेत. व्यक्तीचं किंवा संस्थेचं नाव, ओळख, यादीत घालण्याची कारणं आणि तारीख, असे रकाने असतात. कारणांचा रकाना हवाच, कारण यादीत नाव आलेला माणूस लक्झेंबर्गमधल्या संघाच्या न्यायालयात जाऊ शकतो. दहशतवादविरोधी यादीत नाव आलेल्या कादी या सौदी व्यावसायिकाच्या 2008 च्या खटल्यात न्यायालयाने बचावाचे हक्क डावलले गेले म्हणून नियमावली कादी यांच्यापुरती रद्द ठरवली होती. समाईक परराष्ट्र धोरणाच्या इतर बहुतेक बाबींत न्यायालयाला अधिकार नाही. निर्बंध हा मोठा अपवाद.

आपल्याशी थेट संबंध येतो तिथे हे वाचन आणखी जिवंत होतं. 18 जुलै 2025 च्या अठराव्या पॅकेजमध्ये गुजरातमधल्या वाडिनार इथल्या नायरा रिफायनरीचं नाव आलं. रोझनेफ्ट या रशियन सरकारी तेल कंपनीचा तिच्यात सुमारे 49 टक्के हिस्सा आहे. एकतर्फी निर्बंध आपण मानत नाही, असं भारताने लगेच सांगितलं. त्याच पॅकेजने रशियन कच्च्या तेलापासून तिसऱ्या देशात बनवलेल्या इंधनावर 21 जानेवारी 2026 पासून आयातबंदी ठरवली. आणि कलम 12जी बघा: काही संवेदनशील माल युरोपबाहेर विकताना ‘हा रशियाला पुन्हा पाठवणार नाही’ अशी अट करारात घालणं युरोपीय निर्यातदाराला बंधनकारक आहे. अमेरिका, जपान असे भागीदार देश त्यातून वगळलेत, भारत नाही. चाकणच्या एखाद्या कारखान्याने तिकडून सीएनसी यंत्र मागवलं तर ब्रुसेल्सचं परराष्ट्र धोरण असं खरेदीच्या कागदावर येऊन बसतं.

आता मर्यादा, आणि ती मोठी आहे. इथे फळ दिसतं, वाटाघाटी दिसत नाहीत. अठरावं पॅकेज स्लोव्हाकियाने गॅसच्या मुद्द्यावर रोखून धरलं होतं, त्याचा मागमूस मजकुरात नाही. बेलारूसची निवडणूक 9 ऑगस्ट 2020 ला झाली आणि तिच्यावरून निर्बंधांची यादी निघाली 2 ऑक्टोबरला. मधल्या काळात सायप्रस तुर्कस्तानवरच्या कारवाईसाठी अडून बसला होता. यूर-लेक्स ती पोकळी दाखवतं, कारण सांगत नाही. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क किरिल यांचं नाव हंगेरीच्या आग्रहामुळे यादीतून गळलं, आणि गळलेलं नाव परिशिष्टात शोधून सापडणार कसं? परराष्ट्र धोरणात कायदेप्रक्रिया होत नाही, त्यामुळे परिषदेच्या या चर्चा खुल्या नसतात. मसुद्यावर आधी परराष्ट्र सल्लागारांचा गट घासाघीस करतो, मग राजकीय आणि सुरक्षा समिती, मग राजदूतांची समिती. मंत्र्यांच्या बैठकीत तो अनेकदा चर्चेविना मंजूर होतो. म्हणून परिषदेची पत्रकं आणि ब्रुसेल्समधल्या पत्रकारांची वार्तांकनं शेजारी ठेवूनच वाचावं. मी तारखा आणि कलमं यूर-लेक्सवरून घेते आणि कुणी का अडवलं ते बातम्यांतून जुळवते.

नवख्यांसाठी एक कळ: शोधपेटीत विषय टाकण्याऐवजी क्रमांक शिका. 32014आर0833 यात 3 म्हणजे कायदा, पुढे वर्ष, आर म्हणजे नियमावली, शेवटी तिचा क्रमांक. आरच्या जागी डी असेल तर निर्णय. पानावर दोन-तीन भाषा शेजारीशेजारी लावायचीही सोय आहे. फ्रेंच किंवा जर्मन शिकणाऱ्यांनी ती जरूर वापरावी.

फक्त परीक्षेपुरत्या टिपणांसाठी हे फार जड आहे, त्यांना चांगलं पाठ्यपुस्तक पुरेल. प्रबंध लिहिणारे, पत्रकार आणि युरोपशी व्यापार करणाऱ्यांचे सल्लागार यांनी मात्र 833/2014 चे तीन टप्पे उघडावेत: जुलै 2014, जून 2022 आणि अगदी ताजा. तिन्हींतली तेलाची कलमं आधी वाचा, राजपत्रातल्या मूळ मजकुरातला उपोद्घात नंतर.