तोरणमाळला तलावाकाठची लाकडी खोली: पैसे वसूल, पण खोली आधी बघून घ्या

मे महिन्यात चोपड्याच्या माणसाला कोणी विचारू नये की नंदुरबारच्या डोंगरात, थंड हवेच्या तोरणमाळला कशाला गेलता. ४४ डिग्री, कूलर पण गरम हवाच फेकतो, दुपारी नळ सोडला तर आंघोळ नको वाटते. म्हणून मी, बायको, पोरगी आणि आई असे चौघं शिरपूर-शहादा करत निघालो, शहाद्यालाच टाकी फुल केली. तिथून वर पन्नासेक किलोमीटर, शेवटचा सातपायरी घाट जरा दमानं घ्या, वळणं लई आहेत आणि आईला तिथंच मळमळायला लागलं.

वर गेलं की काच खाली करायची, बास. ११५० मीटरच्या आसपास उंची आहे, आपल्याकडचा उन्हाळा खालीच राहतो.

आता खोलीचं. यशवंत तलावाजवळ लाकडी खोल्या केल्यात, रात्रीचे २२०० घेतले. फोटोत ओसरी, दोन खुर्च्या, समोर पाणी. आम्हाला दिली मागची खोली, खिडकी उघडली तर समोर काळी सिंटेक्सची टाकी! मी म्हटलं भाऊ, तलाव कुठंय? तर म्हणे टाकीच्या पलीकडेच आहे दादा. बरोबरच होतं म्हणा त्याचं. अर्धा तास वाद घातल्यावर पुढची खोली मिळाली, ती रिकामीच होती, मग आधी का नाही दिली हे काय त्यानं सांगितलं नाही. बाथरूमची कडी लागत नाही, आतून बादली लावून बसावं लागतं. नेटवर्क मधेच येतं मधेच जातं, आम्हाला ते बरंच वाटलं.

पण पुढची ओसरी मिळाल्यावर मी सकाळी सहापासून दुपारी बारापर्यंत तिथून हललो नाही, खरं सांगतो. पाण्यावर आधी धूर असल्यासारखं, मग ऊन येतं तसं ते उडून जातं. पोरगी काठावर खडे फेकत बसली, आई पाठीला उशी लावून माळ ओढत होती, ओढता ओढता झोपली. बायको म्हणाली पॉइंट बघायचे नाहीत का. संध्याकाळी सीताखाईला जाऊन आलो, मे महिन्यात तिथं धबधबा नसतो, नुसता कडा आणि खोल दरी, पण तरी पोटात गोळा येतो. गोरखनाथाचं दर्शन घेतलं. मच्छिंद्रनाथ गुहा आईच्या गुडघ्यांमुळे राहिली.

जेवण खोलीवाल्याच्या घरचंच, आणि हे मात्र एक नंबर. ज्वारीची भाकर, उडदाची डाळ, वर लसणाचं तिखट. गावरान कोंबडी पाहिजे तर सकाळीच सांगावं लागतं, आम्ही दुपारी सांगितलं, मग काय, परत डाळ. तक्रार नाही. चहा मात्र २० रुपये कप आणि कप बोटभर!

घरामागं त्यांची म्हातारी कैऱ्या सोलून त्याच्या फोडी जुन्या साडीवर वाळत घालत होती. आमचूर करतात त्याचा, या धडगाव पट्ट्यात उन्हाळ्याचं ते मोठं काम. ताज्या फोडी पांढऱ्या, कालच्या पिवळसर, परवाच्या तपकिरी होऊन कडेनं वळलेल्या, तिन्ही रांगा शेजारी शेजारी. पोरगीनं एक उचलून तोंडात टाकली आणि असं काही तोंड केलं की म्हातारी पोट धरून हसली. आई तिच्याशी अहिराणीत बोलायला गेली, ती पावरीत, म्हणजे तिकडच्या आदिवासी बोलीत, उत्तर देत होती, तरी दोघींचं तासभर चाललं. आईनं अर्धा किलो आमचूर घेतला.

रात्री शेजारच्या खोलीत कॉलेजची पोरं आली, स्पीकर लावला. खोलीवाल्याला सांगितलं तर म्हणे तुम्हीच सांगा ना दादा, माझं ऐकत नाहीत. मी गेलो, तर त्यातला एक आमच्याच गल्लीतल्या शिंप्याचा पोरगा निघाला, काका काका करत त्यानं लगेच बंद केला.

पाचपैकी साडेतीन. कडी बसवली तर चार देईन. बुकिंग करताना फोनवर स्पष्ट विचारा, पुढची का मागची, आणि पुढची नसेल तर दुसरी तारीख घ्या.