खराब रस्ता शोधायचा, तोही कायदेशीर : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात मारुतीची फोर-व्हील-ड्राइव्ह जिमनी दारात उभी राहिली तेव्हा सोसायटीतल्या सगळ्यांनी एकच विचारलं, मायलेज किती देते? माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न होता. आता ही न्यायची कुठे? मुलुंडहून ऐरोलीला ऑफिसला जाताना खड्डे कितीही लागले तरी लो रेंजचा, म्हणजे खडतर वाटेसाठीच्या कमी वेगाच्या गिअरचा, दांडा ओढायची वेळ येत नाही. आणि यूट्यूबवर लोक दाखवतात तशी कुणाच्याही माळावर, नदीपात्रात, भाताच्या खाचरात गाडी घालायची माझी तयारी नव्हती. मला मातीची वाट हवी होती, पण तिच्यावरून गाडी नेण्याचा मला हक्क आहे हे माहीत असलेली. एवढ्याशा गोष्टीसाठी आठ महिने काय काय वापरलं आणि त्यातलं काय उपयोगी पडलं ते लिहितोय.

आधी पैसे कुठे गेले ते सांगतो. ऑफरोड वाटांची तयार यादी देणाऱ्या एका अ‍ॅपचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेतलं. नाव घेत नाही. कर्जतच्या आसपासच्या तीन वाटांवर गेलो. पहिली एका फार्महाउसच्या लोखंडी गेटसमोर संपली, आतून दोन कुत्री आणि एक वॉचमन असे तिघेही माझ्यावर भुंकले. दुसरी कालव्याच्या कडेने जाणारी. तो रस्ता पाटबंधारे खात्याने कालव्याच्या देखभालीसाठी ठेवलेला असतो, तुमच्या-माझ्या सहलीसाठी नाही. तिसरी वाट मात्र सापडली, फक्त तिच्यावर सिमेंट पडलं होतं. सबस्क्रिप्शनचं नूतनीकरण अर्थातच करणार नाही.

मग फुकटातल्या साधनांकडे वळलो. फोनवर ऑस्मअँड हे नकाशांचं अ‍ॅप, त्यात ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे उतरवून घेतलेले. डोळखांबच्या पुढे रेंज जाते तेव्हा हे ऑफलाइन नकाशेच कामाला येतात. ओपनस्ट्रीटमॅपवर कच्च्या वाटेला 'ट्रॅक' म्हणून नोंदवतात आणि तिला एक ते पाच अशी प्रत देतात. एक म्हणजे जवळजवळ पक्का, पाच म्हणजे गवतातली मऊ माती. मी तीन आणि चारच्या मागे लागतो. उंचीच्या रेषा चालू केल्या की चढ किती खडा आहे तेही घरबसल्या कळतं. पण हा नकाशा हौशी लोक भरतात, बऱ्याचदा उपग्रहाच्या चित्रावरून रेघ ओढून. वाट आहे एवढं तो सांगतो. ती कोणाची आहे, हे आकाशातून दिसत नाही. आता फाटक, तुटलेली मोरी, नवं डांबर असं काही दिसलं की मीही घरी येऊन त्यात भरतो. आपण खातो त्या ताटात थोडं वाढायलाही हवं.

याच्या जोडीला भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारी नकाशे. १:५०,०००, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. ट्रेकर लोकांना ते ठाऊक असतात. त्यांत गाडीरस्ता, ओझ्याच्या जनावरांची वाट आणि पायवाट यांच्या खुणा वेगवेगळ्या आहेत, सगळ्या लाल रंगात. पहिल्या दोन महिन्यांत माझी समजूत अशी होती की सरकारी नकाशावर गाडीरस्ता दिसला म्हणजे झालं. ती समजूत शहापूर तालुक्यात एका वनरक्षकाने उतरवली. वाट नकाशावर होती, जमिनीवरही होती, चाकोऱ्या अगदी ताज्या. पण वनाच्या हद्दीचा खांब मागे पडला होता आणि माझं लक्ष समोरच्या चढावर. त्याने शांतपणे विचारलं, "परवानगी?" मी फोनवरचा नकाशा दाखवायला गेलो तर म्हणाला, "साहेब, हा रस्ता कुठं जातो ते मला माहीत आहे. तुम्ही जाऊ शकता का, एवढंच विचारतोय." राखीव वनात विनापरवाना शिरणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. त्याने गुन्हा नोंदवला नाही. मात्र अर्धा किलोमीटर रिव्हर्समध्ये यावं लागलं, आणि तो पूर्ण वेळ समोर उभा राहून बघत होता.

अभयारण्यात नियम आणखी कडक. तानसा, तुंगारेश्वर, फणसाड, भीमाशंकर ही सगळी मुंबईपासून एका दिवसाच्या टप्प्यातली, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येणारी. अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक महामार्गावरून तुम्ही जाऊ शकता, पण त्याला फुटलेल्या मातीच्या फाट्यावर वळलात की परवाना लागतो. या भागातले सगळ्यात देखणे लाल मातीचे रस्ते म्हणाल तर माथेरानचे. तिथे तर दस्तुरी नाक्यावरच गाडी लावावी लागते. बरं आहे तेच.

त्या रिव्हर्सनंतर घरी आलो आणि मुळाशी गेलो. माझा मेहुणा इंग्लंडात असतो. तो म्हणाला, आमच्याकडे प्रत्येक काउंटीचा अधिकृत नकाशा असतो, त्यात 'बायवे' म्हणून नोंद असेल तर गाडी न्या, नसेल तर नको. तिथेही २००६च्या एका कायद्याने बऱ्याच जुन्या वाटांवरचा मोटारींचा हक्क गेला, तरी निदान बघायला एक कागद आहे. मी म्हटलं, आपल्याकडे काय? तर आपल्याकडेही आहे, आणि फार जुना आहे. गाव नकाशा, म्हणजे गावातल्या एकेका जमिनीच्या तुकड्याचा सरकारी नकाशा.

गाव नकाशावर एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा ग्रामीण रस्ता दुहेरी तुटक रेषेने दाखवतात, आणि तो कोणाच्याही सर्व्हे नंबरात मोडत नाही. दोन्ही बाजूंना नंबर पडलेले, मधली पट्टी मोकळी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा या शासनाच्या मालकीच्या. म्हणजे माझ्या कामाची वाट ती ही. दुसरा प्रकार ग्रामीण गाडीमार्ग. त्याचीही दुहेरी तुटक रेषा, पण ती ज्या नंबरातून जाते त्याच्या पोटखराबात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या भागात धरलेली, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. तिथे गाडीने जायचा विचारच करू नये. आणि चौथी गोष्ट कलम १४३ ची : शेतात जायला बांधावरून तहसीलदाराने दिलेला रस्ता. तो त्या शेतकऱ्यासाठी आहे. मुंबईहून आलेल्या हौशी माणसाचा त्याच्याशी काही संबंध नाही, चाकोरी कितीही सुंदर दिसली तरी.

हे सगळं एका संध्याकाळी कळलं असं समजू नका. महिना गेला. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गटांचा नकाशा उघडतो. मी एका खिडकीत तो आणि दुसऱ्या खिडकीत उपग्रहाचं चित्र ठेवतो. विहीर, ओढ्याचं वळण, गावठाण अशा खुणा जुळवत मोकळी पट्टी शोधायची. डोळे दुखतात, बायको विचारते की जमीन घेतोयस का. शंका आली की त्या गटाचा सातबारा बघायचा. नुसता बघायला तो फुकट मिळतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत. सातबारावर मी दोनच ठिकाणी नजर टाकतो. पोटखराब वर्ग 'ब'मध्ये क्षेत्र आहे का, कारण रस्त्यासारख्या सार्वजनिक कामाला ठेवलेली जमीन तिथे दिसते. आणि 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय. वन विभागाचं किंवा खाजगी वनाचं नाव कुठेही दिसलं की तो बेत तिथेच संपतो. ठाणे-रायगडात १९७५च्या कायद्याने खाजगी वनं मोठ्या प्रमाणावर शासनाकडे गेली आहेत. उघडा माळ दिसतो, झाड औषधालाही नसतं, आणि कागदावर मात्र ते जंगल असतं.

एवढं करून चाळीसेक वाटा यादीत घेतल्या. त्यातल्या प्रत्यक्ष गाडी नेण्याजोग्या निघाल्या अकरा. बाकीच्यांपैकी निम्म्यांवर डांबर किंवा सिमेंट आलं होतं. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, नंतर राज्याची आली, आता पाणंद रस्त्यांची योजना आहे. नकाशे मागे राहिले आणि रस्ते पुढे गेले. काही वाटा करवंदीच्या जाळीत गडप झालेल्या. दोन ठिकाणी बंगल्यांचे प्लॉट पाडणाऱ्यांनी गाव नकाशावरच्या वाटेला चक्क कंपाउंड घातलेलं. अशी अडवणूक मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडून काढून घेता येते, पण ते भांडण गावाचं. मी गाडी वळवली.

आणि शेवटचं साधन माणूस. खरं तर पहिलं म्हणायला हवं. मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला (नेमकी जागा लिहीत नाही, कारण पुढच्या रविवारी तिथे वीस थार गाड्या उभ्या राहायला नकोत) कागदावर अगदी चोख असलेल्या वाटेच्या तोंडाशी काट्यांची फांदी आडवी टाकलेली. उतरून उचलता आली असती. हक्क माझाच होता. पण शंभर पावलांवर एक आजोबा राबासाठी पाला पसरत होते. त्यांच्याकडे गेलो.

"बाबा, ही वाट पलीकडच्या गावात जाते ना?"

"जाते की. गाडवाट हाये ती, माझ्या बापाच्या टायमाची."

"मग काट्या?"

"त्या ढोरांसाठी. तुम्हाला कोन अडवतंय? उचला नि जा. फक्त परत लावा." मग गाडीकडे बघत म्हणाले, "पन वड्यात उजव्या अंगानं घाला. डाव्या अंगाला दगड फिरतो."

तो दगड कुठल्याही नकाशावर नव्हता. डाव्या अंगाने गेलो असतो तर गाडीचं पोट त्यावर टेकलं असतं. तेव्हापासून माझा नियम असा आहे की कागद कितीही पक्का असो, पहिल्या घरापाशी थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि विचारायचं. काच खाली करून नव्हे, खाली उतरून.

न विचारल्याचं फळही मिळालंय. नोव्हेंबरात डोळखांबच्या पलीकडे एक ओढा वरून कोरडा वाटला. पापुद्रा धरलेला चिखल होता. पुढची चाकं गेली, मागची आली, मग चारही जागच्या जागी फिरायला लागली. टायरमधली हवा उतरवून झाली, पायातल्या मॅटा चाकाखाली घातल्या, त्या चिखलाने गिळल्या. तासाभराने एक जण ट्रॅक्टर घेऊन आला. पैसे घेईना. बदल्यात भाताची दोन पोती आणि त्याची आई माझ्या गाडीतून डोळखांबला पोचवायला लावली. म्हातारी सगळा रस्ता गप्प होती. उतरताना फक्त म्हणाली, "दिवाळी झाली म्हंजे वडा सुकत नाय." मी तारीख लिहून ठेवली. आता डिसेंबरच्या मध्याआधी ओढे असलेली वाट घेत नाही आणि जूनपासून सगळंच बंद. पावसात त्या मातीवर एक गाडी गेली की पुढचे चार महिने बैलगाडीला त्रास.

जाणाऱ्यांसाठी थोडं : वाट मातीची असली तरी जनतेला हक्क असलेला रस्ता मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक जागाच ठरतो, तेव्हा लायसन्स, विमा, पीयूसी सगळं हवंच. ओढदोर, फावडं, हवेचा पंप बरोबर असू द्या. दोन गाड्या बऱ्या, चार नकोत.

पैसे वसूल झाले का? अ‍ॅपचे नाही. बाकीच्याला पैसे पडलेच नाहीत, वेळ पडला. एका रविवारच्या पाच-सात किलोमीटर मातीसाठी तीन रात्री नकाशे बघत बसायची ज्याची तयारी नाही, त्याने यात पडू नये. त्याला एखाद्याच्या खाजगी जागेवर तिकीट काढून चालवायचे ट्रॅक बरे. मला ते रात्रीचं बसणंच आवडायला लागलंय, हे कबूल करतो.

टोकावड्याच्या त्या वाटेच्या पलीकडच्या टोकाला एक टपरी आहे. जानेवारीत तिथे चहा घेताना टपरीवाल्या मावशींनी विचारलं होतं, "खराब रस्ता शोधायला मुंबईवरनं आलात? मग न्या की आमचा." आणि तोंडाला पदर लावून हसल्या. मे महिन्यात पुन्हा गेलो तर वाटेच्या तोंडाशी खडीचे ढीग पडलेले, रोलर उभा. मावशी खुशीत होत्या, चहाचे पैसे घेईनात. सुनेला आठवा महिना आहे आणि पावसाच्या आधी काम झालं तर अँब्युलन्स दारापर्यंत येईल, म्हणाल्या. आजोबा भेटले नाहीत. घरी आल्यावर ओपनस्ट्रीटमॅपवर त्या वाटेचा पृष्ठभाग बदलला. यादीत आता दहा उरल्यात.