बंड्यासाठी घरची सलाईन : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या बंड्याला, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या लॅब्राडॉरला, मूत्रपिंडाचा जुनाट विकार असल्याचे गेल्या पावसाळ्यात कळले. रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ घटक, 3.6 आले होते. आयरिस या पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय मूत्रपिंड-गटाच्या वर्गीकरणात 2.9 ते 5.0 हा चारपैकी तिसरा टप्पा धरला जातो. हा आकडा वाढेपर्यंत मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते, त्यामुळे तो पूर्ण बरा होण्याची आशा सोडून, उरलेले दिवस त्याला सुखाचे कसे जातील एवढेच पाहायचे आम्ही ठरवले आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रिंगर लॅक्टेटची, म्हणजे क्षार मिसळलेल्या पाण्याची सलाईन घरीच कातडीखाली द्यायला लागलो.

ही माणसांचीच सलाईन असल्याने चिठ्ठी दाखवली की सांगलीच्या विश्रामबागेत किंवा मिरजेत औषधाच्या दुकानात सहज मिळते. 500 मिलिलिटरची बाटली, सेट म्हणजे सलाईनची नळी, आणि सुया एवढेच साहित्य लागते. बाटली आम्ही कोमट पाण्यात ठेवून अंगाला सोसेल इतपत गरम करतो, कारण थंड द्रव आत जाऊ लागला की बंड्या पाठ थरथरवून उठू पाहतो. मग खिडकीच्या गजाला ती उंच टांगायची, खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायची आणि त्या घडीत सुई घालायची. सुई प्रत्येक वेळी नवीनच हवी. बोथट सुईने दुखते आणि मग जनावर सुई पाहूनच पलंगाखाली शिरते. द्रव गेला की पाठीवर खिलार बैलासारखे वशिंड तयार होते, ते हळूहळू पुढच्या पायाकडे उतरते आणि सहा-आठ तासांत जिरते. पहिल्यांदा ते पाहून आईने घर डोक्यावर घेतले होते. आता वशिंडावरून हात फिरवण्याचे काम तिच्याकडेच आहे.

उलट्या कमी झाल्या, सकाळी तो स्वतःहून फाटकापर्यंत येऊ लागला, हा फरक आम्हांला पहिल्या काही आठवड्यांतच जाणवला. तपासणीतले आकडे मात्र फारसे उतरलेले नाहीत, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. ज्या कुत्र्याला हृदयाचा त्रास आहे त्याच्या बाबतीत हा उपाय धोक्याचा ठरू शकतो; खोकला किंवा धाप दिसली तर सलाईन थांबवून डॉक्टरांना गाठावे. साखरेची, म्हणजे डेक्स्ट्रोजची सलाईन कातडीखाली देऊ नये, हे दुकानात बाटली हातात घेतानाच पाहून घ्यावे.

खरी कसोटी लागली ती जेवणाची. आमच्याकडे कुत्र्याला दूध-भाकरी आणि संध्याकाळी चार दाणे भडंगाचे, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. दुधात फॉस्फरस आणि भडंगात मीठ, म्हणून दोन्ही बंद झाले. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचे तयार खाद्य महाग आहे आणि माझ्या मते त्याला वासही बेताचाच येतो. बंड्याने पहिले काही दिवस वाडग्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. गरम पाणी घालून भिजवले आणि वर उकडलेल्या अंड्याचा फक्त पांढरा भाग कुस्करला, तेव्हा तो खाऊ लागला. बलकात फॉस्फरस जास्त असल्याने तो मुलांच्या ताटात जातो. भडंगाच्या पुडीचा आवाज आला की बंड्या अजूनही कान टवकारतो, त्यामुळे वडील ती आता गच्चीवर नेऊन खातात.

पुढची रक्त-लघवीची तपासणी दिवाळीनंतर आहे. तोपर्यंत सलाईनची मात्रा आहे तीच ठेवायला डॉक्टरांनी सांगितले आहे.