जांभळ्या फेसाचे १६,२८४ रुपये

गाडी धुऊन-पॉलिश करून देणाऱ्या दुकानाचा हिशेब. आयर्न डीकंटॅमिनेशन, म्हणजे रंगात रुतलेले लोखंडाचे कण काढणं, २,५००. क्ले बार ट्रीटमेंट, म्हणजे मऊ क्लेची वडी फिरवून उरलेले कण उचलणं, १,८००. थ्री स्टेप पेंट करेक्शन, म्हणजे मशीनने तीन टप्प्यांत पॉलिश, ९,५००. वर १८ टक्के जीएसटी २,४८४. एकूण १६,२८४ रुपये. पहिली दोन कामं झालीच नाहीत, तिसरं झालं नसतं तर बरं झालं असतं, आणि जीएसटी कुणाच्या खिशात गेला ते पुढे येतंच. तक्रार चालू असल्यामुळे दुकानाचं नाव लिहीत नाही. पण अशी दुकानं पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये चौकाचौकात आहेत, तेव्हा नावापेक्षा पद्धत ओळखा.

यातलं काही कळत नव्हतं म्हणून फसलो, असं कुणी समजू नये. गाडी पांढरी हॅचबॅक. दिवसभर भोसरी एमआयडीसीत फॅब्रिकेशन शेडच्या शेजारी उभी असते आणि चाकणच्या फेऱ्या नाशिक रोडने होतात. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण. तो उडून क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, बसतो, रुततो आणि मग गंजतो. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपके लगेच दिसतात. लोक म्हणतात, "पत्रा गंजला." पत्र्याला काही झालेलं नसतं, गंज त्या कणाचा असतो. डिस्क ब्रेकची धूळ हेच करते, आणि रेल्वेलाइनलगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचेही हेच हाल. पावसाळ्यानंतर खड्डे बुजवले की डांबराचे शिंतोडे दाराच्या खालच्या भागावर आणि चाकांच्या मागे चिकटतात, ते वेगळेच.

यातलं काहीही शाम्पूने निघत नाही. गाडी धुऊन पुसून कोरडी करा, हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि टपावरून अलगद बोटं फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. ही परीक्षा फुकट आहे, आणि सगळं प्रकरण शेवटी हिच्यावरच येतं.

हे कण काढल्याशिवाय पॉलिश करायचं नसतं. मशीनचं पॅड कण उचलतं, फोममध्ये धरतं आणि त्याच कणाने पुढचा दोन फुटांचा पत्रा ओरबाडत जातं. क्लिअर कोट एकूण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हलक्या पॉलिशमध्ये एखादा मायक्रॉन जातो, लोकरी पॅड आणि जाड कंपाउंडने तीन ते पाच सहज जातात. गेलेलं परत येत नाही.

"घरी का नाही केलं?" असं विचारणारे भेटलेच. सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला बंदी आहे. आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं औषध, पत्र्यावर सुकला की डाग पाडतो, त्यामुळे धुवायला सलग धार लागते. बादली-मगाने ते काम होत नाही. म्हणून प्रेशर वॉशर आणि सावलीची बे (गाडी उभी करून काम करायची जागा) असलेलं दुकान गाठलं. यात मूर्खपणा कुठे झाला, कुणी दाखवून द्यावं.

आता ती जागा, जिथे सगळं डोळ्यांसमोर होतं. दुकानात ग्राहकाला काचेच्या खोलीत बसवतात, चहा देतात आणि बे काचेतून दिसते. पोऱ्याने फोम गनने गाडीवर फेस मारला. फेस जांभळा. मालक काचेवर बोट टेकवून म्हणाला, "बघा साहेब, लोखंड कसं विरघळतंय." तो फेस नोझलमधून बाहेर पडतानाच जांभळा होता! टपावर जांभळा, पुढच्या काचेवर जांभळा, आरशाच्या काळ्या प्लास्टिकवर जांभळा, नंबरप्लेटवरही तितकाच जांभळा. सगळीकडे एकसारखा.

खरा आयर्न रिमूव्हर असा वागत नाही. त्यात थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. बहुतेक बाटल्यांमध्ये ते पाण्यासारखं किंवा फिकट दिसतं. ते लोखंडाशी भिडलं की मगच रंग बदलतो. मिनिटाभरात एकेका ठिपक्याभोवती जांभळा डाग फुटतो आणि त्याचे ओघळ खाली येतात. जिथे कण जास्त तिथे ओघळ जास्त, जिथे कण नाही तिथे काहीच नाही. चाकांवर सगळ्यात जोरात, टपावर ठिपक्या-ठिपक्यांनी, प्लास्टिकवर नावाला. आणि वास! सडक्या अंड्यासारखा वास येतो, सुगंध मिसळला तरी लपत नाही. इथे दार उघडलं तेव्हा स्ट्रॉबेरीचा वास आला. रंगीत शाम्पू होता तो. पण काचेआड वास पोहोचत नाही, आणि व्हिडिओंमध्ये सगळे जांभळा रंगच दाखवतात, तर तोच बघितला जातो. दुकानदाराने नेमकं तेवढंच विकत घेतलं होतं : रंग.

क्ले बारचं नवं सीलबंद पाकीट बॉनेटवर आणून ठेवलं, "तुमच्यासमोर फोडतो" म्हणाले, आणि मग गाडी पडद्याआड पॉलिशिंग बेमध्ये गेली. पाकीट फोडताना कुणी पाहिलं नाही. हॅचबॅकला नीट क्ले करायला पाऊण ते एक तास लागतो. पडदा उघडला तेव्हा मशीन सुरू होतं. पाऊण तास तर सोडाच, चहाचा कपही निवला नव्हता.

गाडी मिळाली तेव्हा आरशासारखी चमकत होती. ती चमक ग्लेझची. त्यातली तेलं आणि फिलर ओरखडे बुजवतात, धुतलं की निघून जातात. दोन धुण्यांनंतर पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली बॉनेटवर गोल जाळी दिसली, आणि तिच्यामधून सरकणाऱ्या पंख्यासारख्या रेघा. रोटरी मशीनला लोकरी पॅड लावून नंतर फिनिशिंग केलं नाही की हे उमटतं. थ्री स्टेपमधली एकच स्टेप झाली होती, तीही सगळ्यात खरबरीत. टपावर पिशवी फिरवली तर खरखर तशीच. नारिंगी ठिपके जागच्या जागी, फक्त डोकी घासलेली.

दुसऱ्या डिटेलरकडे, म्हणजे हेच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे, तपासणीचे ६०० रुपये दिले आणि लेखी घेतलं. थिकनेस गेजवर (तो क्लिअर कोटसकट रंगाच्या सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतो) टप ११२ मायक्रॉन, बॉनेटचा मधला भाग ९६, बॉनेटची कड ७१. कडांवर रंग मुळातच पातळ बसतो, आणि नेमकी तिथेच मशीन दाबून धरली जाते. मग त्याने मागच्या दारावर खरा रिमूव्हर मारला. "डीकंटॅमिनेशन झालेल्या" दारावरून जांभळे ओघळ खाली फरशीपर्यंत आले. त्याचा व्हिडिओ आहे. हे करताना मोबाइल एका जागी स्थिर ठेवा, बाटलीचं लेबल आणि नंबरप्लेट एकाच फ्रेममध्ये घ्या, मधे कट करू नका.

दुकानदाराचं उत्तर : "साहेब, तुमच्या एरियात धूळच फार, परत बसलं असणार." इतक्या थोड्या दिवसांत परत बसलं, आणि तेही ग्लेझच्या खाली जाऊन?

मग चौकी. आधी "साहेब राउंडला गेलेत". मग "गाडी चालते ना?" मग एक हवालदार बाहेर येऊन गाडी बघून गेले आणि म्हणाले, "चकचकीत आहे की! तक्रार कसली?" त्यांना टॉर्च तिरपा मारून जाळी दाखवली. म्हणाले, "ऊन लागलं असेल." अर्ज घ्या आणि पोच द्या म्हटलं, तर हे सिव्हिल मॅटर आहे. न केलेल्या कामाचे पैसे, केल्याचं नाटक दाखवून घेतले, तर ते सिव्हिल कसं? पूर्वीचं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, १ जुलै २०२४ पासून. हे चौकीत सांगितल्यावर मिळालेलं उत्तर : "तुम्ही वकील आहात का?"

बँकेचं म्हणणं, पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून दिलेत, त्यामुळे परत मिळणार नाहीत. क्यूआर दुकानाच्या नावाचा नव्हता, कुणाच्या तरी बचत खात्याचा होता, हे त्यांच्याच स्क्रीनवर दिसत होतं. तरीही "आम्ही काही करू शकत नाही".

आणि कराची कचेरी. बिल म्हणून दिलेल्या कागदावर वर 'एस्टिमेट' छापलंय, खाली १८ टक्के जीएसटी आकारलाय, आणि जीएसटी क्रमांक कुठेच नाही. नोंदणी नसलेल्याला कराच्या नावाने एक रुपयाही घेता येत नाही, कायद्यात कलम ३२ त्यासाठीच आहे. खिडकीवर विचारणा झाली, "दुकानाचा जीएसटी नंबर काय?" नंबर नाही हीच तक्रार आहे. "नंबरशिवाय तक्रार कशी घेणार?" वरच्या मजल्यावर जा, तिथून खाली या, ऑनलाइन करा. २,४८४ रुपये सरकारच्या नावाने गेले आणि सरकारलाच ते नको आहेत, असा हा कारभार.

तेव्हा पैसे देण्याआधीच हे करा. जीएसटी लावत असेल तर १५ अक्षरांचा क्रमांक मागा. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता शोधता येतो. 'एस्टिमेट'वर पैसे देऊ नका. क्यूआर स्कॅन केल्यावर येणारं नाव वाचा, स्क्रीनशॉट ठेवा.

रिमूव्हर आधी चाकावर मारायला लावा, मग नंबरप्लेटवर. चाकावर रंग फुटला आणि प्लेटवर नाही, तर माल खरा. दोन्हीकडे सारखाच जांभळा दिसला की गाडी घेऊन निघा.

क्रम असा असतो, आणि यात शॉर्टकट नाही. आधी वरची धूळ-माती पाण्याच्या धारेने आणि शाम्पूने काढायची. मग डांबर. टार रिमूव्हर किंवा टर्पेंटाइन कापडावर घेऊन ठिपक्यावर मिनिटभर टेकवायचं, तपकिरी सुटलं की टिपून घ्यायचं. घासायचं नाही, डांबरात अडकलेली वाळू पत्रा ओरबाडते. रॉकेलनेही डांबर निघतं, पण ते तेलकट थर सोडतं आणि रबराची वाट लावतं. नुकत्याच रंगवलेल्या पॅनलवर यातलं काहीही नको. डांबर आधी काढायचं, कारण त्याच्याखालच्या लोखंडापर्यंत रिमूव्हर पोहोचत नाही. त्यानंतर रिमूव्हर : गाडी सावलीत, पत्रा थंड, दोन ते चार मिनिटं, सुकायच्या आत भरपूर पाण्याने धुवायचं. बोअरच्या पाण्याने धुतलं तर लगेच पुसा, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग ही नवी डोकेदुखी. मेट्रोच्या किंवा पुलाच्या कामाखाली सिमेंटचे शिंतोडे पडले असतील तर ते या रिमूव्हरने जात नाहीत, त्याला सौम्य आम्लाचं वेगळं औषध असतं. बाथरूम क्लीनर आणणाऱ्या पोऱ्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका.

शेवटी क्ले. १०० ग्रॅमच्या वडीतला ३०-४० ग्रॅमचा तुकडा हॅचबॅकला पुरतो. तळहातावर मऊ करून चपटा करायचा. एक लिटर पाण्यात १०-१५ मिली कार शाम्पू, आणि पत्रा सतत ओला. एका वेळी दोन बाय दोन फूट, सरळ रेषेत, गोल फिरवायचं नाही, दाबायचं नाही. आधी क्ले अडकते, आवाज करते, मग घसरायला लागते. घसरली की ती जागा झाली. मळलेली बाजू आत दुमडून नवी बाहेर काढा. जमिनीवर पडलेली क्ले कचऱ्यात, कितीही महाग असो. दुकानात क्लेचा रंग बघा. दुसऱ्या गाड्यांवर वापरून काळी पडलेली असेल तर तुमच्या गाडीवर तो सँडपेपरच आहे. क्लेने बारीक ओरखडे पडतातच, म्हणून ती पॉलिशच्या आधी. पॉलिश करायचं नसेल तर दरवेळी क्ले करून घेऊ नका.

पडद्याआड गाडी गेली की पडदा उघडा ठेवायला सांगा. नाही म्हणाले तर किल्ली परत मागा. क्ले झाल्यावर, मशीन लागायच्या आत, स्वतः टपावर पिशवी फिरवा. पैसे देण्याआधी बॉनेटच्या एका कोपऱ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं मारून पुसायला लावा. ग्लेझ उतरतो आणि खरं पॉलिश उघडं पडतं. मग टॉर्च. इथे मालकाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

राहिली तक्रार. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दावा ऑनलाइन दाखल होतो, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर. पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. सोबत जोडायचं : एस्टिमेटचा कागद, यूपीआयचा स्क्रीनशॉट, कामाआधीचे फोटो, दुसऱ्या डिटेलरचा अहवाल, ओघळांचा व्हिडिओ. मागणी लिहिताना फक्त १६,२८४ लिहून थांबू नका. तपासणीचे ६०० आणि बॉनेट पुन्हा रंगवण्याचं लेखी कोटेशन, आमच्याकडे ते ७,५०० चं आहे, हेही त्यात धरा. आणि तोवर त्या बॉनेटला कुणालाही मशीन लावू देऊ नका. कडेवर आता घासण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि आयोगापुढे पुरावा तोच आहे.