गीलची कुटुंबसेवा : नऊ दिवसांच्या नवसापासून घरातल्या खोलीपर्यंत

बेल्जियममधील अँटवर्प प्रांतातल्या गील या छोट्या शहरात गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसांना सामान्य कुटुंबे आपल्या घरी ठेवून घेतात. या व्यवस्थेविषयी लिहिणारे बहुधा भारावून लिहितात. उद्या कोणाला आपल्या भावासाठी किंवा मुलीसाठी अशी सेवा निवडायची झाली, तर त्यात पदरात काय पडेल आणि काय पडणार नाही, एवढ्याच दृष्टीने मी तिच्याकडे पाहणार आहे.

सेवेचा उगम निखळ श्रद्धेत आहे. वेडाच्या भरात मागे लागलेल्या बापापासून पळालेली आयर्लंडची राजकन्या डिम्फ्ना गीलला आली आणि त्याच बापाने तिचा येथे शिरच्छेद केला, अशी आख्यायिका आहे. तिला इतिहासाचा भक्कम आधार नाही. मात्र संत मानल्या गेलेल्या डिम्फ्नाच्या नावाचे चौदाव्या शतकात बांधायला घेतलेले चर्च आजही उभे आहे. 15 मे हा तिचा सण. वेड लागलेल्या माणसाला नातेवाईक येथे आणीत, चर्चला लागूनच बांधलेल्या रुग्णखोलीत तो नऊ दिवस राही आणि संतेच्या अवशेषांखालून गुडघ्यांवर रांगत जाण्याचा विधी पार पाडी. खोली भरली की पुढच्या माणसांची सोय गावातल्या घरांत होई. नऊ दिवस सरूनही ज्यांना गुण येत नसे, त्यांतले कित्येक त्या घरांतच राहून गेले, आणि आजची सेवा या राहून गेलेल्यांतूनच उभी राहिली. श्रद्धेने कोणी बरे झाले की नाही, हा वाद मला येथे गौण वाटतो. दारात आलेला वेडा माणूस संतेकडे आलेला पाहुणा ठरला आणि त्याला ठेवून घेण्यात घराची बेअब्रू राहिली नाही, ही त्या श्रद्धेची खरी कमाई आहे.

आजची व्यवस्था मात्र देवळाच्या हातात नाही. 1850 च्या कायद्यानंतर ती सरकारी देखरेखीखाली गेली आणि 1862 मध्ये तिला रुग्णालयाची जोड मिळाली. आता गीलचे सरकारी मनोरुग्णालय माणसाची प्रकृती आणि कुटुंबाची परिस्थिती तपासून दोघांची गाठ घालून देते. परिचारक घरी येऊन जातात, औषधपाणी पाहतात, आणि प्रकृती फारच बिघडली तर रुग्णालयाचे दार उघडे असते. राहायला आलेल्या माणसाला स्वतःची खोली मिळते, घरच्यांच्या पंगतीला जेवण मिळते, झेपेल तसे काम मिळते. यजमानांना माणसाच्या सवयी आणि गरजा सांगतात, आजाराचे नाव सांगण्याची मात्र परंपरेने पद्धत नाही. प्रथम ऐकताना ही गोष्ट खटकते. विचार केल्यावर तिच्यातले शहाणपण दिसते, कारण घरच्यांकडून उपचाराची अपेक्षाच नाही.

गीलविषयी सांगितले जाणारे एक उदाहरण येथे नोंदवण्यासारखे आहे. एका घरातला पाहुणा रोज आपल्या शर्टाची बटणे पिळून पिळून तोडीत असे आणि घरची बाई रोज रात्री ती पुन्हा शिवीत असे. मासेमारीच्या पक्क्या दोऱ्याने शिवली तर तुटणार नाहीत, असे बाहेरून भेटीला आलेल्या एका स्त्रीने सुचवले, तेव्हा घरच्या बाईने साफ नकार दिला. त्या माणसाला बटणे पिळण्याची गरज आहे, असे तिचे म्हणणे होते. आपल्याकडे माणसाला 'सुधारण्याचा' जो अखंड घोष चालतो, त्यात रोज रात्री निमूट सुईदोरा काढणे कितीजणांना जमेल, याची मला शंका आहे.

हे चित्र सदैव असेच गोजिरे होते असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकातही काहींच्या पायांत बेड्या असत आणि त्या काळच्या डॉक्टरांनी त्यावर टीकाही केली आहे. 1880 मध्ये, पुढे विख्यात चित्रकार झालेल्या व्हिन्सेंट व्हॅन गॉखच्या वडिलांनी त्याला येथे पाठवण्याचा घाट घातला होता. व्हिन्सेंटने तो हाणून पाडला. पाठवणाऱ्याच्या आणि पाठवल्या जाणाऱ्याच्या नजरेतून एकच सेवा किती वेगळी दिसते, ते यातून कळते.

श्रद्धास्थानाभोवती वेड्यांची वस्ती वाढणे आपल्या देशालाही नवे नाही. तमिळनाडूतील एरवाडीच्या दर्ग्याजवळ माणसे अशीच बरे होण्याच्या आशेने आणली जात. तेथे खासगी निवारे उभे राहिले आणि 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे अशा एका निवाऱ्याला लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेली 28 माणसे जळून मेली. दोन्हीकडे सुरुवात नवसानेच झाली होती. गीलमध्ये माणसे एकेका घरात वाटली गेली, प्रथम चर्चने आणि नंतर सरकारने त्या घरांवर नजर ठेवली. एरवाडीत ती एका छपराखाली कोंबली गेली आणि तपासायला कोणी आले नाही. श्रद्धेवर चालणाऱ्या आश्रमांची प्रशंसा करताना आपल्याकडे हिशेबाचा आणि तपासणीचा प्रश्न विचारणे अशिष्ट समजले जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

सेवेची सर्वांत मोठी उणीव म्हणजे ती आटत चालली आहे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस गीलच्या घरांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे राहत होती. आता ती संख्या दोनशेच्याही खाली आली आहे. शेती कमी झाली, स्त्रिया नोकरीसाठी बाहेर पडल्या, दिवसभर कोणी ना कोणी असणारी घरे विरळ झाली. पूर्वी आईवडिलांमागे मुले पाहुण्याची जबाबदारी आपोआप पत्करीत. आजच्या तरुणांकडून ते गृहीत धरता येत नाही. सरकार यजमानांना भत्ता देते, पण चोवीस तासांच्या बांधिलकीच्या मानाने तो तुटपुंजा आहे. 2023 मध्ये युनेस्कोने या परंपरेची दखल घेतली ही आनंदाची गोष्ट असली, तरी गौरवाने नवी घरे मिळत नाहीत. भत्ता वाढवणे आणि नोकरी करणाऱ्या जोडप्यांना दिवसाच्या वेळेपुरती मदत देणे, या दोन गोष्टी बेल्जियम सरकारने आधी कराव्यात, असे माझे मत आहे.