कोरी इलेक्ट्रिक गिटार की वाजवलेली?

इलेक्ट्रिक गिटार वाजवून वाजवून 'मोकळी होते', म्हणजे तिचा आवाज खुलतो, असं वाजवलेली गिटार विकणारा हमखास सांगतो. माझ्याकडे दोन्ही राहिल्या आहेत. एक कोरी घेतलेली, दुसरी आधीच्या मालकाने भरपूर वाजवलेली. दोन्ही स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) घाटाच्या, सिंगल कॉइलवाल्या, म्हणजे तारांखालच्या प्रत्येक चुंबकी पिकअपमध्ये एकच वेटोळं असलेल्या.

कोरीचा आवाज सुरुवातीच्या काही आठवड्यांत बदलला, हे खरं. पण तो बदल बराचसा तारांचा होता. घाम-मळ बसला की जाड तारांची चमक जाते, आवाज गोलसर लागतो आणि आपण म्हणतो, गिटार मुरली. नवा संच चढवला की सगळं पहिल्यासारखं. शेवटी पिकअप 'ऐकतो' ते तारेचं हलणं, त्यामुळे अकूस्टिकची पातळ फळी वाजवून वाजवून खुलते असं जे बोललं जातं ते इथे तसंच्या तसं लागू करू नये. पिकअपमधलं अल्निको या मिश्रधातूचं चुंबकही अशा चार-दोन वर्षांत ढिलं पडत नाही. पिकअपची उंची मिलिमीटरभर बदलून बघा, त्यानेच जास्त फरक पडतो. नेक, म्हणजे गिटारची मान, मात्र हवेतल्या दमटपणाने हलते. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) थोडा फिरवून ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, पुन्हा बसवावी लागते. ते सेटअपचं काम झालं.

वाजवलेलीच्या बाजूनेही बोलायला हवं. तिच्या फिंगरबोर्डच्या (नेकवरच्या, बोटं दाबायच्या पट्टीच्या) कडा झिजून इतक्या गुळगुळीत झाल्या होत्या की हात आपसूक सैल पडायचा. हात सैल पडला की वाजवणं सुधारतं, आणि श्रेय आवाजाला जातं. निदान माझं तसं होत असावं.

पण तिचे फ्रेट, म्हणजे फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या! नेहमीचे फ्रेट निकेल सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचे. पोलादी तारेपुढे ते मऊच. पहिल्या चार-पाच फ्रेटवर बारीक तारांखाली खाचा पडल्या होत्या. बारीक बाजूने दुसरी तार बेंड करायला, म्हणजे बोटाने आडवी ओढून सूर चढवायला गेलं की ती खाचेत अडकायची, मग कड ओलांडताना 'खर्र' करून निसटायची आणि सूर जिथे न्यायचा तिथून पुढे जायचा. एक-दोन फ्रेटचा माथा सपाट झालेला, तिथे तर सतारीच्या बिघडलेल्या जवारीसारखी झणझण. फ्रेट घासून सारखे करता येतात, पण दर वेळी उंची कमी होते. पुढे नवे फ्रेट बसवणं आलंच. कोरीची कुरकुर एवढीच होती की तिसरी तार नटमध्ये (नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत) अडकून ट्यूनिंगच्या वेळी 'टिक्' करायची. पेन्सिलीचं शिसं खाचेत फिरवलं, भागलं.

तुमचा कान माझ्यापेक्षा तयार असेल, तर वाजवलेलीत तुम्हाला काही जास्त ऐकूही येईल. मी पुन्हा घेतली तर बहुधा कोरीच घेईन, जमलं तर स्टेनलेस स्टीलच्या फ्रेटची. वाजवलेली घेणार असाल तर ॲम्प्लिफायर लावण्याआधी बारीक तारा बाजूला सारून पहिले पाच फ्रेट उजेडात तिरपे धरून बघा, मग प्रत्येकावर दुसरी तार बेंड करा.