आकडे दाखवायचे की डिफॉल्ट बदलायचा? ग्रीन कमिटीत असाल तर वाचा

ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या ग्रीन कमिटीत, म्हणजे वीज-कागद वाचवायला नेमलेल्या कमिटीत, असाल तर नुसती पोस्टरं लावून काय होतं ते तुम्हाला माहीतच असेल, त्यामुळे त्यावर बोलत नाही. खरी निवड दोन गोष्टींतली आहे. लोकांना "बाकीचे किती वापरतात" ते दाखवायचं, की सेटिंगच, म्हणजे डिफॉल्टच, असं करून ठेवायचं की कोणी काही न करताही बचत होईल. मी दोन्ही करून बघितलंय.

आधी तुलनेबद्दल, कारण ती बाजू अजिबात कमजोर नाही. २००७ मध्ये शुल्ट्झ, चाल्डिनी वगैरे मानसशास्त्रज्ञांचा कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसचा प्रयोग आला, घरोघरी दाराला चिठ्ठी अडकवली, तुमचा वीजवापर इतका आणि आजूबाजूचा सरासरी इतका. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण जे आधीच कमी वापरत होते त्यांचा मात्र वाढला, म्हणजे तेही सरासरीकडेच सरकले! मग त्यांच्या चिठ्ठीवर फक्त एक हसरा चेहरा काढला आणि ती वाढ थांबली. पुढे अमेरिकेतल्या ओपॉवर कंपनीने वीज कंपन्यांसाठी असेच रिपोर्ट लाखो घरांत पाठवले तेव्हा सरासरी २ टक्क्यांच्या आसपास वीज वाचली. आकडा छोटा वाटतो पण नुसत्या कागदावर मिळालेली बचत आहे ही, एकही यंत्र न बदलता.

आम्ही मजल्यानुसार वीजवापराचा तक्ता लावायचो. सुरुवातीला लोक थांबून बघायचे, विचारायचे, छान वाटायचं. पण मग जे सुरू झालं त्याने मला अगदी थकवलं. प्रत्येक मजल्याचं म्हणणं एकच, ही तुलना बरोबर नाही. आमच्याकडे सर्व्हर आहेत, आमच्याकडे माणसं जास्त, आमच्या बाजूला दुपारचं ऊन येतं, त्यांचे निम्मे लोक घरून काम करतात. आणि गंमत म्हणजे बहुतेकांचं खरंच होतं. म्हणून माणशी हिशोब केला, तर हजेरी कशी मोजली यावर वाद, सर्व्हर वगळले तर मग आमचा अमुक विभागही वगळा. मीटिंगमध्ये दिवे-एसीबद्दल कोणी बोलेचना, सगळं तक्त्याच्या न्यायाबद्दल. कदाचित घरांमध्ये हे कमी होत असेल, चिठ्ठी एकट्यालाच मिळते, चारचौघांत लागत नाही. आमच्याकडे मात्र तक्ता सांभाळणं हेच एक काम होऊन बसलं, आणि तो लागायचा थांबला की लोकांचं लक्षही ओसरायचं.

डिफॉल्टचं तसं नाही. प्रिंटर दोन्ही बाजूंनी छापेल असं ठेवलं, ज्याला एकाच बाजूने हवं त्याने एक क्लिक करायची. भांडायला समोर कोणी नाही, कोणाची कोणाशी तुलना नाही. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात एवढ्याच बदलाने पहिल्या तीन वर्षांत कागद ४४ टक्के कमी लागला. स्वीडनच्या एका विद्यापीठात तर विनंती आणि डिफॉल्ट ताडून बघितले, कमी छापा अशा विनंतीने काहीच फरक पडला नाही आणि डिफॉल्टने कागद १५ टक्के कमी झाला. जर्मनीत ऑनलाइन विजेचा करार करताना ग्रीन वीज आधीच टिक केलेली असेल तर ६९ टक्के लोकांनी ती घेतली, स्वतः टिक करायची असेल तर जेमतेम ७ टक्के.

आता यातही जपायला लागतं. पॅरिसमध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या ऑफिसात हिवाळ्यात हीटिंगचा डिफॉल्ट १ अंशाने उतरवला तेव्हा लोकांनी बऱ्यापैकी चालवून घेतलं, २ अंशांनी उतरवल्यावर बरेच जण उठून थर्मोस्टॅट वाढवायला लागले. म्हणजे लोकांना गारठवून नाही चालत. आणि बदल गुपचूप करू नका, बंद कसा करायचा ते पहिल्याच मेलमध्ये लिहा, आम्ही लिहिलं होतं आणि तरी फार थोड्यांनी बदलला असं मला दिसलं (मोजलेलं नाही, प्रिंटरच्या ट्रेमध्ये पडलेल्या कागदांवरून सांगतोय).

जिथे बटणच नाही तिथे डिफॉल्टचा काही उपयोग नाही. कचरा वेगळा करणं, सायकलने येणं, जिना चढणं, इथे माणसाला रोज स्वतःहून काहीतरी करायचं असतं, तिथे बाकीचे करतायत हे दिसणंच कामी येतं. फक्त शब्द जपा. "बरेच लोक कचरा वेगळा करत नाहीत" असं कधीही लिहू नका. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट पार्कमध्ये चाल्डिनींनी पाटी लावून बघितली, अनेकजण अश्मीभूत (दगड झालेलं) लाकूड उचलून नेतात अशी, तर चोरी वाढली होती.

तुमच्याकडे आकडे स्वच्छ असतील, सगळ्यांची परिस्थिती सारखी असेल, आणि तक्ता वर्षानुवर्षं सांभाळणारं कोणी असेल तर तुलना चांगलीच चालेल, नाही म्हणत नाही. पण कमिटीत दोन-तीनच माणसं असतील आणि वेळ थोडा असेल तर मी तरी आधी आयटीवाल्यांकडे जाऊन प्रिंटर, स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ आणि एसीचं सुरुवातीचं तापमान या तीन सेटिंग्ज बदलून घेईन, तक्त्याचं नंतर बघता येईल.